चित्र्याचा उजवा कान

माझ्या हुद्द्यात कुत्रा कुठेच नव्हता. मी पशुधन पर्यवेक्षक. पशुधन म्हणजे गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी आणि फार तर कोंबडी. नोकरीतला निम्मा काळ मी खांद्यापर्यंत हातमोजा चढवून गाईंच्या मागे उभा राहून काढला आणि उरलेला लाळ्याखुरकुताच्या लसी टोचण्यात गेला. कुत्रा धन नव्हे, हे सरकारचं मत. लोकांचं तसं नव्हतं. बारामती-इंदापूरच्या वस्त्यांवर ज्या गोठ्यात गाय, त्या दारात कुत्रं असतंच. गाय तपासून हात धुवायला लागलो की मालक हमखास म्हणायचा, "डॉक्टर, आलाच हाय तर जरा ह्याचा कान बघा की. सारखं मुंडकं झाडतंय."

मी डॉक्टर नाही. माझ्याकडे पदवी नाही, पदविका आहे. सुरुवातीची काही वर्षं हे मी प्रत्येकाला समजावून सांगत असे. मग थकलो. त्यानंतर ते 'डॉक्टर' मला आवडायला लागलं, आणि पुढे जे झालं त्याचं मूळ त्या आवडण्यात आहे.

ज्यांनी कुत्रं पाळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कुत्र्याचा कान आपल्यासारखा सरळ आत जात नाही. तो आधी खाली उतरतो आणि मग काटकोनात आत वळतो. आमच्या शेतकऱ्यांना मी सांगायचो, पाइपलाइनचा एल्बो समजा. गाळ अडकणार तो तिथेच. कुत्रं कालव्यात डुंबून आलं की पाणी त्या वळणावर थांबतं, कान लोंबता असेल तर हवा लागत नाही, मग खाज सुटते, आंबलेल्या पिठासारखा वास यायला लागतो. कधी आत गोचीड असते, कधी जखम. बाहेरून सगळं सारखंच दिसतं: कुत्रं मान झाडतं, पायानं कान खाजवतं, हात लावला की कण्हतं. आत नेमकं काय आहे हे पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि पाहायला तर कुणालाच सवड नसते. घालायला मात्र प्रत्येकाकडे काहीतरी असतं.

इंदापूरच्या बाजूला एक डाळिंबवाले होते. बाग राखायला त्यांनी चांगला दांडगा कुत्रा पाळला होता. त्याच्या कानात त्यांनी डिझेल सोडलं. मी डोक्याला हात लावला, तर ते मलाच धीर द्यायला लागले, "भ्यायचं काय कारण न्हाय डॉक्टर. ट्रॅक्टरच्या टाकीतलंच हाय. भेसळ न्हाय त्यात." भवानीनगरला एक निवृत्त कारकून होते, शिस्तीचा माणूस. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहून कानात फेसाळणारं औषध ओतलं आणि कापूस गुंडाळलेल्या काडीनं कान साफ केला. काडी बाहेर आली, कापूस आला नाही. तो काढायला मी गेलो तेव्हा त्यांनी मला तो व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवला, म्हणजे चूक त्यांची नाही हे माझ्या लक्षात यावं. गोमूत्र, हळदीचं पाणी, कडुलिंबाचं तेल, बिडीची राख, गाडीचं जळकं ऑइल. मी सगळ्यांना हसलो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, तसा प्रकार.

कारण माझंही एक तेल होतं. तिळाच्या तेलात लसूण काळी होईपर्यंत जाळायची, गाळायचं, कोमट करून चार थेंब सोडायचे. माझी आई आमच्या कानात घालायची तेच. लोकांचे ते घरगुती उपाय आणि माझं ते औषध, अशी माझी समजूत होती. गावोगाव लोक मागायचे, मी सोड्याच्या लहान बाटल्यांत भरून द्यायचो, फुकट. बरेचसे कान दोनचार दिवसांत आपोआपच बरे होत असणार. श्रेय माझ्या बाटलीला जात होतं, आणि मी ते परत करत नव्हतो.

आता हौसाक्काची गोष्ट सांगतो.

हौसाक्का पिंपळीच्या, गावापासून जरा आत वस्तीवर राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती मुलगी सुनीता लग्न होऊन बारामतीला, जळोचीत. आक्का एकट्या अर्धा एकर भाजी करायच्या, मेथी, कोथिंबीर, भेंडी. बाकीची जमीन पुतण्या करायचा, ऊस. चाळिशीत एका मोठ्या तापात आक्कांचं ऐकणं गेलं. बोलणं शाबूत होतं, फक्त आवाज मोठा झाला. समोरच्याचे ओठ बघून त्या निम्मं समजून घ्यायच्या आणि निम्मं स्वतःच्या मनानं भरायच्या. मनानं भरलेलं बहुधा बरोबर असायचं.

त्यांचा कुत्रा चित्र्या, अंगावर तपकिरी ठिपके असलेला, साधा गावठी. त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं. पण दारात कुणी आलं की तो भुंकत बसायचा नाही. आत जाऊन आक्काच्या लुगड्याचा काठ दातात धरून ओढायचा आणि आवाज जिकडून आला तिकडे तोंड करून उभा राहायचा. लाइट येऊन विहिरीवरची मोटर सुरू झाली की ओढायचा, बंद पडली की ओढायचा. एकदा त्यानं आक्कांना भेंडीच्या सरीतून मागे ओढलं, आणि पुढे घोणस होती. उसात बिबट्या दिसल्याच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा सुनीतानं आईला जळोचीला न्यायचा धोशा लावला. आक्का चित्र्याकडे बोट करायच्या आणि म्हणायच्या, "माजं कान हितं हायती. मी कुठं एकटी हाय?" सुनीतालाही ते पटायचं, म्हणून विषय तिथेच थांबायचा.

चित्र्याचा डावा कान मात्र पूर्वीच गेला होता. लहानपणी जुन्या मालकानं त्यात जळकं ऑइल ओतलेलं. आक्कांकडे आला तेव्हा तो कान आतून सुजून बंदच झाला होता. म्हणजे आक्काचं तिथलं सगळं राहणं चित्र्याच्या एका उजव्या कानावर होतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. तो डावा कान मीच तपासला होता.

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट, दिवाळी होऊन गेली होती, बांधावरचं गवत वाळलं होतं. मी एका लग्नात पंगतीला बसलो होतो आणि सुनीताचा फोन आला. रविवार म्हणून ती आईकडे गेली होती. "डॉक्टर, चित्र्या कालपासून कान झाडतोय. मान तिरकी धरलीय. काय करू?"

समोर बुंदी वाढत होते. मी एवढंसुद्धा विचारलं नाही की कुठला कान. म्हणालो, "लसूण जाळून तेल कर. कोमट चार थेंब सोड. मी उद्या येतो."

वाळल्या गवताचे दिवस होते. या दिवसांत बांधावर हिंडणाऱ्या कुत्र्यानं अचानक कान झाडला तर पहिला संशय कुसळाचा घ्यायचा, हे मी स्वतः किती नव्या पोरांना शिकवलं होतं. कुसळाला मागे वळलेले बारीक काटे असतात. ते एकदा कानात शिरलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. शेवटी पडद्याला भोक पाडतं. अशा कानात काहीही ओतलं तरी ते पडद्यापलीकडे जातं, जिथे ऐकणं असतं आणि शरीराचा तोलही असतो.

तासाभरानं पुन्हा फोन वाजला. सुनीता रडत होती. "थेंब टाकले आणि किंचाळला हो. आता गोल गोल फिरतोय, पडतोय. मी माझ्या हातानं टाकलं."

मी लग्नातून तसाच निघालो. वस्तीवर पोचलो तेव्हा चित्र्या भिंतीला टेकून उभा राहायला बघत होता. डोळ्यांची बुबुळं एका बाजूला झटके देत होती. आक्का त्याचं डोकं धरून बसल्या होत्या. मी त्याला पोत्यात गुंडाळलं, सुनीता मोटारसायकलवर त्याला मांडीत धरून मागे बसली आणि आम्ही बारामती गाठली.

तिथे नव्यानं दवाखाना काढलेल्या एक डॉक्टर मॅडम होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. खऱ्या डॉक्टर. त्यांनी चित्र्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "काका, कानात काही घातलंय का?"

"तेल. लसणाचं."

"कुणी सांगितलं?"

सुनीता माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "मी सांगितलं."

मला वाटलं, आता माझी सालपटं निघणार, आणि ती निघायलाच हवी होती. मॅडम फक्त म्हणाल्या, "बरं. किती थेंब?" आणि कामाला लागल्या. लांब चिमट्यानं त्यांनी कुसळ काढलं, आत साचलेलं तेल हळूहळू धुऊन घेतलं. मग कानात बघायचं ते दिव्याचं नळकांडं माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "बघा काका."

मी पाहिलं. पडद्याच्या जागी लाल, फाटका पापुद्रा होता. उभ्या नोकरीत मी कुत्र्याच्या कानाचा पडदा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. हे लिहायला मला लाज वाटते. आमच्या दवाखान्यात तसलं यंत्र नव्हतं हे खरं, पण मी ते कधी मागितलंही नव्हतं. माझ्याकडे बाटली होती ना.

"पडदा भरून येऊ शकतो," मॅडम म्हणाल्या. "काही आठवडे लागतील. तोल येईल. ऐकू किती येईल, ते मी सांगू शकत नाही. गोळ्या चालू ठेवा. कानात माझ्या परवानगीशिवाय काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही." शेवटचं वाक्य त्यांनी सुनीताला नाही, मला सांगितलं.

मी रोज पिंपळीला जायला लागलो. चित्र्याला गोळी द्यायची, कानाची बाहेरची बाजू पुसायची, चालवून बघायचं. आठवड्यात तो सरळ चालायला लागला. पण दारात गाडी आली तरी त्याला पत्ता नसायचा. मोटर सुरू व्हायची आणि तो झोपलेला असायचा. पाणी सरीबाहेर वाहून पुतण्याच्या उसात जायचं तेव्हा आक्कांना कळायचं.

पहिल्याच आठवड्यात मी आक्कांसमोर बसून, ओठ नीट दिसतील असा, म्हणालो, "आक्का, चूक माझी आहे. सुनीताची नाही."

त्या म्हणाल्या, "चुकला तर खरं. पर आला. चुकून न येनारी मानसं मी लई बघितली." आणि चहा टाकायला उठल्या.

सुनीतानं मात्र ठरवलं होतं. "चित्र्याला ऐकू येत असेल तर माझं काही म्हणणं नाही. नसेल तर आई इथं एक दिवस राहणार नाही." यायचा रविवार तिनं पक्का केला, नवऱ्याला पिकअप घेऊन बोलावलं, आणि मला सांगितलं, "तुम्हीच या आणि सांगा. माझा बाकी कुणावर विश्वास नाही."

त्याच्या आदल्या दिवशी मी निघताना आक्का बांधापर्यंत माझ्यामागे आल्या. त्यांचा आवाज मोठा, पण त्या दिवशी त्यांनी तो प्रयत्नानं खाली ठेवला होता. "डॉक्टर, उद्या तुमी व्हय म्हना. येवढं एकच. बाकीचं मी बगते. ह्या जमिनीवरनं गेले ना, तर मी माघारी यायची न्हाय, मला म्हाईत हाय."

माझ्या चुकीमुळे ही बाई घर सोडणार होती. एक 'हो' म्हटलं असतं तर माझं देणं फिटल्यासारखं झालं असतं. रात्रभर मी ते 'हो' तोंडात घोळवलं.

रविवारी मी चित्र्याच्या मागे उभा राहिलो आणि पितळी परातीवर उलथनं मारलं. त्याचा कान हलला नाही. पुन्हा मारलं. शेजारच्या झाडावरचे पक्षी उडाले. चित्र्या उन्हात पाय चाटत बसला होता. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि आक्का दारातून माझ्या ओठांकडे.

"नाही," मी म्हणालो. "अजून नाही."

आक्का आत गेल्या. सामान भरताना त्या एकदाही माझ्याशी बोलल्या नाहीत. पिकअपमध्ये चित्र्याला मांडीवर घेऊन बसल्या आणि गाडी वळेपर्यंत भेंडीच्या वाफ्याकडे बघत राहिल्या. पुतण्यानं पाणी द्यायचं कबूल केलं. पण भाजी कसंही दिलेल्या पाण्यावर येत नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

जळोचीत सुनीताचं घर तिसऱ्या मजल्यावर. मी आठवड्यातून दोनदा जायचो. आक्का ठरल्या वेळी दार उघडं ठेवायच्या, चहा द्यायच्या आणि गॅलरीत जाऊन बसायच्या. गॅलरीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. त्या वाळत चालल्या होत्या. चित्र्याचा कान मात्र आतून भरत होता. मॅडमनी दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "पडदा मिटला, काका. पुढचं त्याच्यावर."

मग एका दुपारी मी चहा पीत असताना स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, आणि चित्र्यानं मान वळवली.

मी कप खाली ठेवला नाही. योगायोग असेल. दुसऱ्या शिट्टीला तो उठला, लंगडल्यासारखा दोन पावलं गेला आणि थांबला. कुठून आवाज येतो हे त्याला नीट लागत नव्हतं. मी कुणालाच काही बोललो नाही. एकदा घाईनं बोलून बसलो होतो, आता माझी घाई मला परवडणारी नव्हती. पुढच्या दोन आठवड्यांत मी त्याला जिन्यात नेलं, गच्चीवर नेलं, खाली सुनीताच्या नवऱ्याला गाडी चालू-बंद करायला लावली. टाळी लांबून त्याला कळायची नाही. हाक जवळून कळायची. इंजिनाचा आवाज लांबूनही कळायचा. शेवटी एकदा दाराची घंटा वाजली आणि तो आक्काकडे गेला. लुगड्याचा काठ धरला आणि ओढला.

आक्कांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. एका माणसानं पूर्वी नाही म्हटलेलं त्यांच्या चांगलं लक्षात होतं.

संध्याकाळी सुनीता कामावरून आल्यावर मी तिला समोर बसवलं. आक्का माझ्या ओठांसमोर येऊन बसल्या. मी म्हणालो, "आता त्याला ऐकू येतं. एकाच कानानं, आणि पूर्वीइतकं नाही. बारीक आवाज सुटतील. पण दारात आलेलं माणूस त्याला कळतं, मोटर कळते. वस्तीवर तो काम करू शकेल. मी रोज जाऊन बघेन. तो चुकायला लागला तर मीच तुला फोन करीन."

सुनीतानं खांद्यावरची पर्स काढून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "डॉक्टर, खरं सांगू? त्या रविवारी मला वाटलेलं, तुम्ही आईचं मन राखायला हो म्हणाल. म्हणाला असता, तर आज तुम्ही काहीही सांगितलं असतं तरी मी तिला सोडलं नसतं."

तिचे ओठ आक्कांनी वाचले. त्या उठल्या, आत गेल्या, आणि ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

मला नोकरीत दोनचार प्रशस्तिपत्रं मिळाली, ती कुठल्यातरी फायलीत आहेत. सुनीताचं ते वाक्य मला मिळालं त्यात माझं कर्तृत्व फार थोडं होतं. चूक पोटात घालून मला घरी येऊ देणारी एक बाई, कान पकडायच्या ऐवजी कान दाखवणाऱ्या एक मॅडम, आणि लसणाचं तेल माफ करणारा एक कुत्रा, एवढ्यांनी मिळून ते मला दिलं. या तिघांचा मी जन्माचा ऋणी आहे.

आक्का परत गेल्या त्याला आता पावसाळा होऊन गेला. परवा मी पिंपळीला गेलो तेव्हा त्या मेथीत खुरपत होत्या, पाठ माझ्याकडे. मी मोटारसायकल बंद करायच्या आधीच चित्र्या त्यांच्या लुगड्याला लोंबकळत होता. त्या उठल्या, मातीचे हात झटकले, आणि लांबूनच मोठ्यानं म्हणाल्या, "बरं झालं आला. पलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं मान झाडतंय. त्यानला मी सांगून आलीया, कायबी घालू नगा, आमचं डॉक्टर येऊन आदी बगत्याल."

आमचं डॉक्टर. मी खिशातलं, आता स्वतःच्या पैशानं घेतलेलं दिव्याचं नळकांडं तपासलं आणि पलीकडच्या वस्तीकडे निघालो.